ताईची धाकटी

चाचणीखोलीचं दार ढकलून तो आत आला, दिवे लावले, आणि पिशवी खुंटीला अडकवता अडकवता थबकला. खोली गप्प होती. तशी ती अगदी गप्प कधीच नसते; भिंतीलगतची नवी यंत्रं दिवसरात्र मधमाश्यांसारखी गुणगुणत असतात आणि आत्ताही गुणगुणत होती. पण त्या गुणगुणीच्या खालून, खिडकीजवळच्या कोपऱ्यातून, गेली पाच वर्षं आणखी एक आवाज येत असे. टक, आणि मागोमाग पाण्याचा हलका चुळुक. टक, चुळुक. दार उघडलं की आधी तो आवाज कानात शिरायचा आणि मग याचा दिवस सुरू व्हायचा. आज तो नव्हता. त्याने पिशवी खुंटीला लावली, ती घसरून पडली, त्याने उचलून पुन्हा लावली. वीज गेली असेल म्हणावं तर दिवे जळत होते. पट्टा निसटला असेल. हो, पट्टाच! म्हातारं यंत्र आहे, निसटायचाच कधीतरी. असं स्वतःला बजावत तो कोपऱ्याकडे निघाला खरा, पण वाटेत टेबलावरचा रिकामा कप उगाच सरळ केला, खिडकीची उघडीच असलेली काच पुन्हा उघडली, आणि मग दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा यंत्रासमोर जाऊन उभा राहिला.

पट्टा जागच्या जागी होता. लाल दिवा लागला होता. नमुना तुटला की हे यंत्र आपोआप थांबून लाल दिवा लावतं, तेवढं शहाणपण त्या म्हाताऱ्याच्या अंगात होतं. काचेच्या डब्यात, अंगाइतक्या कोमट खारट पाण्यात, दोन जबड्यांच्या मध्ये ती बसली होती. तान्ह्या मुलाच्या बांगडीएवढ्या घेराची, बारीक तारांची जाळी. पहिल्या नजरेला धडधाकट. त्याला एकदम हायसं वाटलं, दिवाच बिघडला असणार मेला, आणि त्या भरात त्याने चष्मा कपाळावर सरकवून डोळा काचेला लावला. खालच्या ओळीतली एक तार तुटली होती. दोन्ही टोकं समोरासमोर होती, इतकी जवळ, की सांगितल्याशिवाय कुणाला दिसलीही नसती. पण हा तर आयुष्यभर तेच बघत आलेला. "अगं बाई," असं तो चक्क मोठ्यांदा म्हणाला, ताई म्हणते तसं, आणि स्टूल ओढून खाली बसला.

त्याचं कामच मोडण्याचं. या इमारतीत वरच्या मजल्यांवर धातू जन्माला येतात आणि तळमजल्यावर तो ते मोडून बघतो. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मेनिम्मे वितळवले की एक विचित्र धातू तयार होतो. गार असताना मऊ पडतो, वाटेल तसा चेपून घेतो, आणि ऊब लागली की आपला मूळ आकार आठवून पुन्हा तसाच्या तसा उभा राहतो. त्यात चिमूटभर आणखी काय घालावं यावर वर रोज वादावादी चाललेली असते. पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना सगळीकडे फिरवतात आणि दर वेळी तेच सांगतात, "कल्पना लोकांच्या डोक्यात कधीच्या असतात हो. अडतं ते धातूपायी. धातू मिळाला की कल्पना चालायला लागते." यात खोटं काही नाही. चुरगळून पुन्हा सरळ होणारे चष्मे, पाणी फार तापलं की विजेशिवाय आपणहून मिटणारा नळ, मोटारीवाचून मिटणारी कृत्रिम हाताची बोटं, हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत कागदावरून उतरून टेबलावर आलं. आणि फेरीच्या शेवटी साहेब पाहुण्यांना तळमजल्यावर आणतात, याच्याकडे हात करतात आणि म्हणतात, "आणि हे आमचे मोडणारे!" पाहुणे हसतात. तोही हसतो. त्याला खरंच त्यात कमीपणा वाटत नसे. कुणीतरी मोडून बघायला हवंच ना?

मोडणाऱ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. नमुन्याने माणसाच्या पुढे पळायचं. हृदय दिवसभरात जेवढे ठोके देतं, तेवढे यंत्राने तासाभरात उरकायचे. जी जाळी कुणाच्या छातीत पंधरा वर्षं राहायची आहे ती इथे सात-आठ महिन्यांत तेवढी म्हातारी होते, आणि तिच्या नशिबात मोडणं असेलच तर इथे, या डब्यात मोडते. मग वरचे लोक हळहळतात, नवी भट्टी लावतात, आणि बाहेर कुठेतरी एक माणूस, ज्याला यातलं अवाक्षर ठाऊक नसतं, तो वाचतो. म्हणून ती भिंतीलगतची यंत्रं गुणगुणतात. त्यांचे ठोके इतके लगालगा पडतात की सुटे ऐकूच येत नाहीत. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याचे मात्र सुटे ऐकू येत. कारण ते त्याने हृदयाच्या चालीवर लावलं होतं. ताईच्या हृदयाच्या. नियम बियम सगळा धाब्यावर बसवून.

आई गेली तेव्हा तो नुकताच शाळेत जायला लागला होता आणि ताई कॉलेजात. तिने कॉलेज सोडलं असं घरात कुणी कधी म्हटलं नाही, ती जायची बंद झाली एवढंच. सकाळी ती आरशासमोर उभी राहून केसांचे आकडे दातांत धरायची आणि एकेक करून खोचायची, आणि त्यातला एखादा खाली पडला की हा झडप घालून पळवायचा. टेबलाखाली बसून तो आकडा सरळ करायचा, वाकवायचा, सरळ करायचा, वाकवायचा. करता करता एका जागी तो गरम व्हायचा. ती जागा ओठाला लावली की चटका बसायचा, जेमतेम जाणवेल एवढा. मग आणखी एक-दोनदा वाकवला की कट्. तुटण्याआधी तार तापते हे त्याला ओठाने कळलं. पुस्तकातून कळलं ते फार पुढे. "मोड्या! माझे आकडे कुठायत? मोड्या मेल्या, बाहेर ये आधी!" ताई टेबलाखाली वाकून बघायची, रागाने लाल, आणि त्याच्या तळहातावर तुकडे दिसले की हसू दाबत म्हणायची, "सगळ्या घराचा सत्यानाश करणार हा पोरगा." मोड्या हे नाव तेव्हापासूनचं. नोकरी लागल्याचं सांगायला तो गेला आणि काम काय ते सांगितलं, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. "म्हणजे पगार देऊन मोडायला ठेवलंय तुला? बघा हो," असं तिने आतल्या खोलीतल्या भाऊजींना ओरडून सांगितलं, "माझ्या आकड्यांचं सार्थक झालं!"

त्या हसणाऱ्या ताईला पुढे जिना चढवेना. आधी मध्ये एकदा थांबायची, मग दर पायरीला. नखं निळसर, पायावर सूज. हृदयातली झडप कडक झालीय, उघडत नाही, डॉक्टर म्हणाले. छाती उघडून बदलतात ती. पण हिची छाती उघडली तर टेबलावरून परत येणार नाही, असंही त्याच दमात म्हणाले. भाऊजी त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर गाडीची किल्ली हातात धरून उभेच राहिले होते, गाडी कुठे लावली ते त्यांना आठवेना. दहा वर्षं आधी हे झालं असतं तर तिथेच विषय संपला होता. पण आता ही जाळी होती. बर्फाच्या पाण्यात ती चेपून पेन्सिलीइतकी बारीक करायची, आत नवी झडप शिवलेली, मांडीच्या रक्तवाहिनीतून ती थेट हृदयापर्यंत न्यायची आणि सोडून द्यायची. रक्ताची ऊब लागली की ती आपली आपण उघडते. छातीला सुरीही लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या ज्या लोकांशी तो कॅन्टीनमध्ये खुर्चीवरून भांडायचा, त्यांच्या हातून ही करामत झाली होती. आणि ती मोडत नाही असं लिहून देणाऱ्यांत तो स्वतः होता. त्या दिवसांत त्याला त्या लोकांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं, खरंच.

घाबरलेल्या ताईला समजावायला तो एक जाळी घरी घेऊन गेला होता. थर्मासमध्ये बर्फाचं पाणी, त्यात चेपलेली जाळी. ताई उशांना टेकून बसली होती, बोलताना मध्ये मध्ये श्वास घेत. "हात पुढे कर," तो म्हणाला. तिने तळहात पसरला. त्याने त्यावर ती काडी ठेवली. ताईचा हात तेव्हा गारच असायचा, त्यामुळे बराच वेळ काहीच होईना. मग भाऊजींनी तिच्या तळहाताखाली आपला तळहात धरला. आणि काडी हलली. एक टोक फुगलं, मग मधला भाग, मग सगळ्या तारा एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या आणि ताईच्या हातात ती बांगडी होऊन बसली. "अगं बाई!" ताई म्हणाली. "ही तर जिवंत आहे की रे!" तिने ती डोळ्यांजवळ नेली, बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "हीच बसवणार?" नाही, तो म्हणाला, हिची शेजारीण. एका लांब नळीतून ओळीने जाळ्या कापतात. सगळ्यांत गुळगुळीत नळी त्याने स्वतः निवडली होती, तिच्यातल्या शेजारशेजारच्या दोन. एक दवाखान्यात जाणार. "आणि ही?" "ही माझ्याकडे राहील." ताईने जाळी परत त्याच्या हातात दिली, देववत नसल्यासारखी. "म्हणजे ही माझी धाकटी," ती म्हणाली. "मोडू नकोस हं हिला."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली आणि तडक इथे आला. अडगळीतलं म्हातारं यंत्र ओढून खिडकीजवळ आणलं, पुसलं, तेल दिलं, धाकटीला जबड्यांत बसवलं आणि चाल त्या नाडीवर लावली. "अहो, या चालीने ही मोडेपर्यंत आपण सगळे निवृत्त होऊ," भिंगवाल्या बाई म्हणाल्या होत्या. त्या शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर बसतात आणि तुटलेले तुकडे बघतात. "मोडायला कुठे लावलीय?" तो म्हणाला. "ताईच्या बरोबरीने चालू दे." सगळे हसले, आणि त्याच्या हट्टापुढे कुणी काही बोललं नाही, अडगळीतलं यंत्र, कुणाचं काय जातंय? नळीच्या इतर जाळ्या रीतीप्रमाणे जलद यंत्रांवर चढल्या आणि पास झाल्या. ताई घरी आली. महिन्याभरात जिना चढली. नखं गुलाबी झाली. दर दोन-चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत तिचा फोन यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "धाकटी काय म्हणतेय?" तो म्हणायचा, "चाललीय." मग ती म्हणायची, "ऐकव." आणि तो फोन डब्याजवळ धरायचा. टक, चुळुक. टक, चुळुक. पलीकडे ताई गप्प ऐकायची. "माझीपण अशीच चाललीय बघ," असं म्हणून मग ती भाजी, भाऊजींचा गुडघा, शेजारणीचं भांडण यांच्याकडे वळायची. एकदा भाऊजींनी फोन ओढून घेतला होता. "अरे, रात्री हिला झोप आली नाही की ही तोंडाने तुझ्या यंत्राचा आवाज काढत पडते. मला वेड लागायची पाळी आलीय!"

त्याने डब्यातलं पाणी सोडलं, जबडे सैल केले आणि जाळी चिमट्याने उचलून तळहातावर घेतली. ती आधीच आपल्या मूळ आकारात होती, आता काही आठवायचं नव्हतं तिला. भिंगवाल्या बाईंच्या खोलीत तो शिरला तेव्हा त्या चहाचा पहिला घोट घेत होत्या; त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि काहीही न विचारता हात पुढे केला. मग बराच वेळ त्या डोळा लावून बसल्या. तो दाराशी उभा होता. एका तुकड्यावरून काही ठरत नसतं, हे वाक्य त्याने किती जणांना ऐकवलं होतं! वरचे लोक रडवेले होऊन यायचे आणि हा त्यांना पाणी देऊन सांगायचा, एका तुकड्यावर जाऊ नका, एकटादुकटा तुकडा कशानेही तुटतो, जबड्याचा ओरखडा असेल, हाताळताना लागलं असेल. आता तो मनातल्या मनात स्वतःला तेच सांगत होता आणि ते वाक्य त्याच्याच गळ्याखाली उतरत नव्हतं. ओरखडा असू दे, देवा. माझ्या हाताने पडलेला असू दे. आयुष्यात पहिल्यांदा तो आपली चूक निघावी म्हणून धावा करत होता.

"ओरखडा नाहीय," बाई म्हणाल्या. त्याने न विचारताच. त्यांनी त्याला बसायला लावून भिंग त्याच्याकडे वळवलं. तुटल्या तोंडाच्या कडेला एक काळा ठिपका होता. तिथून भेग सुरू झालेली. मळ, वितळताना आत राहिलेला. "आता बाजूने बघा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि जाळी फिरवली. ठिपका हा ठिपका नव्हता. ती रेघ होती. धातू ओढून नळी लांबवतात तेव्हा आतला मळही नळीबरोबर ओढला जातो आणि बारीक दोऱ्यासारखा तिच्या अंगात लांबच्या लांब पसरतो. ही रेघ जाळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत होती, म्हणजे कापताना तुटली होती, संपली नव्हती. "एवढ्याच भागात असावी," बाई म्हणाल्या, "बाकीच्या पास झाल्यात ना. पण याच्या लगतची जी असेल तिच्यात असणारच. ती कुठेय? बोलवून घ्या ती." तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "ती वापरात आहे." बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या खुर्चीचा आवाज आला, आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर पडला आणि तसाच राहिला.

परत आपल्या स्टुलावर येऊन तो बसला आणि तेव्हा कुठे ती गोष्ट समोर आली. आधी आली नव्हती असं नाही. सकाळपासून ती दाराआड उभी होती आणि हा दार दाबून धरून होता. हीच जाळी, हीच धाकटी, त्याने पाच वर्षांपूर्वी भिंतीलगतच्या यंत्रावर चढवली असती तर? तर ती अडीच-एक महिन्यांत तुटली असती. बास, एवढंच. अडीच महिने. आणि ताईच्या पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून, तुम्ही यातले आहात म्हणून सांगतो, असं म्हणत सांगितलं होतं: काही शंका आलीच तर या वर्षात सांगा, अजून मांडीतूनच परत काढता येईल, एकदा ती मांसात रुजली की मग तिला हात लावता येणार नाही. त्याने मान हलवली होती. शंका कसली? शंका येण्याची वाट त्याने आपल्या हाताने बंद केली होती. लोक हसले तेव्हा तो म्हणाला होता, ताईच्या बरोबरीने चालू दे, आणि ते सगळ्यांना प्रेम वाटलं होतं. त्यालाही. प्रेमच होतं की ते! पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं आणि ते त्याला तेव्हाही माहीत होतं: जलद यंत्रावर धाकटी तुटेल की काय अशी त्याला भीती होती, आणि तुटलेली त्याला बघायची नव्हती. जगातल्या सगळ्या परक्या माणसांसाठी त्याने नमुने पुढे पळवले, आणि आपल्या सख्ख्या बहिणीचा तेवढा बोट धरून बरोबरीने चालवला. पाच वर्षं तो एक आवाज ऐकत सुखाने डबा खात होता, आणि तो आवाज त्याला काहीही सांगत नव्हता. सांगितलं ते आज. आज सांगून काय उपयोग?

बाहेर व्हरांड्यात जाऊन त्याने डॉक्टरांना फोन केला. ते गाडीत होते, मागे भोंग्यांचा गोंगाट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यावरूनच याला काय ते कळलं. आत दुसरी झडप बसवायला जागा नाही, ते म्हणाले, मुळात धमनीच बारीक आहे. काढणं आता शक्य नाही. एखादी तार तुटली म्हणजे लगेच काही होतं असं नाही. होणारही नाही कदाचित. झालं तर अचानक होईल. "तपासायला आणा, बघू," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "पण खरं विचाराल तर मी त्यांना सांगणार नाही. सांगून त्यांनी काय करायचं? तुम्ही ठरवा." तुम्ही ठरवा! तो व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता, दोन मुली एकच आइसक्रीम वाटून खात होत्या. सगळ्यांच्या छातीत काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, आणि कुणालाही त्याचं काही नव्हतं. त्याला वाटलं, ओरडावं. काय ओरडावं ते सुचेना. ताईने आकड्यांचे तुकडे बघून एकदा तरी थोबाडीत द्यायला हवी होती, असं काहीतरी वेडगळ त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले, आणि तसाच तो आत वळला कारण खिशात फोन वाजायला लागला होता.

ताई. दुपारची सुट्टी झाली होती, त्याच्या लक्षातही नव्हतं. त्याने फोन वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजणार, हे ठरलेलं. ती दुसऱ्यांदा करतेच. तो धावला. डब्यात कोमट पाणी भरलं, थोडं बाहेर सांडलं. जबडे रिकामे होते, त्यामुळे कळ दाबली की यंत्र नुसतं हुंकारायचं आणि लाल दिवा लावून थांबायचं. मोडल्यावर थांबायची जी खिट्टी होती ती त्याने दोऱ्याने करकचून बांधून टाकली. पाच वर्षं मोडू नये म्हणून जपलं, आणि आता मोडलंय हे यंत्राला कळू नये म्हणून हा उद्योग! कळ दाबली. जबडे मिटले, उघडले. टक. टक. टक. फोन वाजला.

"कुठे होतास रे?" ताई म्हणाली. "जेवायला गेला होतास का?"

"हो. नाही. आता जाणार आहे."

"आवाज कसा येतोय तुझा? सर्दी झालीय?"

"झालीय थोडी."

"गरम पाणी पी. ऐकायचं नाहीच म्हणा तुला." तिने श्वास घेतला. "धाकटी काय म्हणतेय?"

"चाललीय," तो म्हणाला. हा शब्द त्याने इतक्या वेळा म्हटला होता की तो तोंडातून आपला आपण आला.

"ऐकव."

त्याने फोन डब्याजवळ धरला. टक. टक. टक. पलीकडे ताई गप्प होती, नेहमीसारखी. नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प होती. आणि तेव्हा, फोन धरल्या धरल्या, त्याला ऐकू आलं. चुळुक नव्हता. जाळी दबली की तिच्या पोटातलं पाणी बाहेर यायचं, त्याचा तो आवाज. जाळीच नव्हती तर पाणी कुठून येणार? ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. जिने त्या आवाजावर पाच वर्षं रात्री काढल्या, तिला तो हे ऐकवत होता. त्याला वाटलं, फोन पाण्यात टाकावा. टाकला नाही. हळूच कानाला लावला.

ताईचा श्वास येत होता. मग ती म्हणाली, "मोड्या."

"हं."

"हिच्यात आज पाणी नाही रे."

टेबलाखाली बसून तळहातावर तुकडे घेतले की जसं गप्प बसायचा तसा तो बसला होता, आणि ती वाकून बघत होती.

"कधी?" ताईने विचारलं.

"सकाळी आलो तर..."

"बरं." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि ती खुर्चीत बसली असावी, कारण तिने बसताना काढते तसा हुंकार काढला. "रडू नकोस. रडतोयस ना? मला ऐकू येतंय. नाक पूस आधी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "यांना काही बोलू नकोस. बोलशील तर बघ. हे आत्ताच कुठे रात्रीचे नीट झोपायला लागलेत."

"ताई, माझ्यामुळे... मी जर ती तेव्हा जलद..."

"नको सांगूस," ती म्हणाली. "मला ते काही कळायचं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. तू यंत्र चालू ठेव. मी फोन करीन तेव्हा ऐकवत जा."

"रिकामं?"

"मग काय, बंद ठेवणार? हे शेजारी बसून ऐकतात ना मधूनमधून. त्यांना चुळुकबिळुक काही कळत नाही." ती हसायला गेली आणि खोकला आला, खोकला थांबेपर्यंत तो कान फोनला दाबून श्वास रोखून ऐकत राहिला. थांबला. "ठेवते," ती म्हणाली. "भाजी करपतेय. तू जेव."

फोन बंद झाला. भिंगवाल्या बाई केव्हातरी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या; त्या रिकाम्या जबड्यांकडे बघत होत्या, आणि खिट्टीला बांधलेल्या दोऱ्याकडे. मग त्या निघून गेल्या. जबडे मिटत होते, उघडत होते, मध्ये काही नाही. मग डब्यातलं पाणी खुणेच्या खाली गेलेलं त्याला दिसलं. मघाशी सांडलं होतं ते. तो उठला, कोमट पाण्याचं भांडं आणलं, त्यात बोट घालून ऊब पाहिली, आणि पाणी खुणेपर्यंत भरलं.